कमरेचं पिस्तूल आणि रेंजवरचं पिस्तूल

थोडं मोठं लिहितोय. निवांत असाल तेव्हा वाचा. मध्येच सोडून दिलं तरी चालेल, पण अर्धं वाचून खाली भांडण सुरू करू नका, एवढीच विनंती.

९ डिसेंबर २०२४ ला आपल्या शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय निघाला आणि हजाराच्या वर परवाने असल्याचं राज्याला कळलं. हवेत गोळीबार करतानाचे, पिस्तूल हातात घेऊन गाण्यावर फिरणारे व्हिडिओ टीव्हीवर दिवसभर चालले. पुण्या-मुंबईचे लोक तोंडात बोटं घालत होते. आपल्याला मात्र त्यात नवीन असं काही वाटलं नाही. लग्नात, वरातीत, निवडणुकीच्या गुलालात कुणाच्या कमरेला काय आहे हे आपल्याकडं लेकरंसुद्धा ओळखतात. शर्टाची एक बाजू जरा वर राहिली की समजायचं.

मी लिहिणार आहे ते त्या परवान्यांवर नाही. ते काम पोलिसांचं आणि जिल्हाधिकाऱ्यांचं. मला सांगायचंय ते दुसऱ्या पिस्तुलाबद्दल. ते पिस्तूल हातात घेऊन याच महाराष्ट्रातल्या पोरींनी आणि माणसांनी राष्ट्रीय अजिंक्यपदं आणली, राष्ट्रकुलची, आशियाईची सुवर्णपदकं आणली. त्या पिस्तुलाचा इतिहास आपल्या वाशीपर्यंत कधी पोचलाच नाही. (वाशी म्हटलं की बाहेरच्याला नवी मुंबई आठवते. आपली वाशी धाराशिव जिल्ह्यातली, हे दर वेळी सांगावं लागतं. असो.)

सुरुवात पोरं मोबाईलवर जे बघतात तिथून करू. एक माणूस कमरेला पट्टा लावून उभा असतो. पाठीमागून शिट्टीसारखा आवाज येतो. तो पिस्तूल काढतो, पळतो, दारातून वाकतो, भिंतीच्या फटीतून झाडतो, लोखंडी पाट्या खाडखाड पडतात, पळता पळता मॅगझिन बदलतो आणि पंधरा-वीस सेकंदात सगळं आटोपतं. पोरांना वाटतं हे सिनेमाचं शूटिंग आहे. तसं नाही. हा खरा खेळ आहे. त्याला प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग म्हणतात, त्याची राष्ट्रीय अजिंक्यपदं होतात, जागतिक स्पर्धाही होते. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेफ कूपर नावाच्या माजी मरीन अधिकाऱ्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी हे सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं, की एका जागी उभं राहून, शांतपणे, एका हातानं कागदाला भोकं पाडणं ठीक आहे; पण माणूस हलत असताना, घाईत, लक्ष्य कुठं आहे हे आधी नीट ठाऊक नसताना नेम लागतो का, तेही बघू. १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचा पहिला अध्यक्ष झाला. संघटनेचं ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं आहे. अर्थ: अचूकता, ताकद, वेग.

ह्या खेळाचा हिशोब मला फार आवडतो. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. एकानं ५० गुण १० सेकंदांत घेतले आणि दुसऱ्यानं ४० गुण ८ सेकंदांत, तर दोघं बरोबरीत. नुसता वेग दाखवून भागत नाही, नुसता नेम धरून बसूनही भागत नाही. लक्ष्य चुकलं की वरून दहा गुण कापतात.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट पुढं आहे. पळताना बोट ट्रिगरच्या कडीच्या आत दिसलं, की खेळाडू बाद. नळी ठरवून दिलेल्या कोनापलीकडं वळली, की बाद. पिस्तूल हातातून पडलं, की बाद. आणि बाद म्हणजे त्या फेरीपुरतं नव्हे. बॅग भरायची, घरी जायचं, पूर्ण स्पर्धा संपली. तो कितव्या नंबरचा चॅम्पियन आहे हे कुणी विचारत नाही. फेरी झाली की पिस्तूल रिकामं करायचं, रिकामं आहे हे पंचाला दाखवायचं, मोकळा चाप ओढायचा, मग म्यानात घालायचं. पंच सांगेपर्यंत कुणी पुढं पाऊल टाकत नाही. हवेत बार काढणं वगैरे तर तिथं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मग आपल्याकडं हा खेळ का दिसत नाही? एक कारण साधं आहे. हा खेळ जगभर मुख्यतः ९ एमएमच्या काडतुसावर खेळला जातो, आणि आपल्या शस्त्र कायद्यात ९ एमएम हे 'प्रतिबंधित बोर'मध्ये मोडतं. ते फौज-पोलिसांचं. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. त्यामुळं भारतात पिस्तुलाचं राष्ट्रीय अजिंक्यपद म्हटलं, की ते नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धेतलं: १० मीटर एअर पिस्तूल, २५ मीटर पिस्तूल, रॅपिड फायर, सेंटर फायर असे प्रकार. उभं राहून, बहुतेक एका हातानं.

आता इतिहासाकडं येऊ, कारण मला ज्याचं नवल वाटतं ते तिथं आहे.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात इंग्रजांनी शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी, गोऱ्याला मोकळीक. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ह्या कायद्याविरुद्ध ठराव होत होते. अहिंसा शिकवणारे गांधीजीसुद्धा ह्या कायद्यावर चिडून होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात फौजभरतीसाठी त्यांनी जे पत्रक काढलं, त्यात संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या ह्या कायद्याला त्यांनी कडक शब्दांत दोष दिला होता. म्हणजे बंदूक बाळगण्याचा प्रश्न तेव्हा रुबाबाचा नव्हता, बरोबरीच्या हक्काचा होता. गोऱ्याला विश्वासू मानायचं आणि काळ्याला संशयित, हा खरा सल होता.

त्याच खेडा सत्याग्रहात एक मराठी वकील काम करत होता. गणेश वासुदेव मावळंकर. मूळ गाव रत्नागिरीकडचं मावळंगे, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादला. गांधीजींच्या आणि सरदार पटेलांच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस, अनेकदा तुरुंगात गेलेला. १९५२ साली तो लोकसभेचा पहिला सभापती झाला. हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं, की १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचा संस्थापक आणि पहिला अध्यक्ष हाच माणूस होता. खादीतला गांधीवादी, आणि बंदुकीच्या खेळाच्या संघटनेचा अध्यक्ष! पंडित नेहरूही ह्या स्पर्धांना रेंजवर आवर्जून हजर राहायचे.

मला ह्यात विसंगती दिसत नाही. इंग्रजांनी बंदूक हिसकावून घेतली होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर ती परत कशी द्यायची, हा प्रश्न होता. कुणालाही कशीही द्यायची? की क्लब, रेंज, नोंदवही, पंच, मोजलेली काडतुसं अशा चौकटीत द्यायची? मावळंकरांच्या पिढीनं दुसरी वाट धरली. आजसुद्धा राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर जी मोठी चाळणी लागते, तिचं नावच 'ऑल इंडिया जी. व्ही. मावळंकर नेमबाजी स्पर्धा' आहे. महाराष्ट्राच्या पोराला आधी राज्य स्पर्धा, कॅप्टन इझेकिल यांच्या नावाची, मग मावळंकर, मग ठरलेले गुण असतील तरच राष्ट्रीय. देशभरातली नेमबाज पोरं 'अमक्याची मावळंकर झाली का?' असं विचारतात. त्यांतल्या किती जणांना हा माणूस कोण हे ठाऊक असतं, देव जाणे.

आता आपल्याकडं बघा. आपण तेव्हा इंग्रजांच्या राज्यात नव्हतोच, निजामाच्या राज्यात होतो. उस्मानाबाद जिल्हा. आपल्या भागात बंदूक कुणाकडं असायची? जहागीरदाराकडं, देशमुखाकडं, पोलिसाकडं, आणि शेवटी रझाकाराकडं. रयतेकडं काठी आणि कुऱ्हाड. १९४७-४८ चं ते वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांच्यातले फार थोडे आता उरलेत, पण त्यांच्या गोष्टीत बंदूक कायम दुसऱ्याच्या हातात असते. बार्शीच्या हद्दीत, म्हणजे निजामाच्या सरहद्दीपलीकडं, कॅम्प पडले आणि तिथं आपल्या माणसांच्या हातात पहिल्यांदा हत्यारं आली. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. कॅम्प उठले. शेतकऱ्याकडं राहिली ती फार तर रानडुकरं हाकायला ठासणीची बंदूक, तीही परवान्यावर.

त्यामुळं माझं मत असं झालंय, की आपल्या भागात बंदुकीची एकच ओळख शिल्लक राहिली: ज्याच्याकडं ती, तो मोठा. क्लब नाही, रेंज नाही, खेळ नाही. हत्यार आणि सत्ता ह्यांच्यामध्ये तिसरं काही उगवलंच नाही. पुढं पैसा आला. प्लॉटिंगचा आला, वाळूचा आला, पवनचक्क्यांच्या गुत्तेदारीचा आला. मग माणसाला वाटलं, आता आपणही मोठे. जहागीरदाराची बंदूक तेवढी नव्या कमरेला लागली.

इकडं मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज होती, आणि तिथं अशोक पंडित नावाचा पिस्तूल नेमबाज तयार झाला. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला १३ सुवर्णपदकं मिळाली. त्यांतली बारा वेटलिफ्टिंगची. उरलेलं एक पंडितांचं, सेंटर फायर पिस्तूलमधलं. १९९४ ला व्हिक्टोरियात त्यांनी जसपाल राणाच्या जोडीनं ह्याच प्रकारात पुन्हा सुवर्ण घेतलं. हाच जसपाल राणा पुढं मनू भाकरचा प्रशिक्षक झाला, आणि मनूनं २०२४ ला पॅरिसमध्ये पिस्तुलात दोन ब्राँझ आणली. वरळीच्याच रेंजवर संजय चक्रवर्तींच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे रायफलमध्ये घडल्या. रेंज असली की माणूस घडतो आणि माणसामागं माणूस घडतो, ते हे असं. दीपाली देशपांडेंनी पुढं स्वप्नील कुसाळेला घडवलं.

पण आजच्या माझ्या विषयाची खरी नायिका कोल्हापूरची आहे. राही सरनोबत.

उषाराजे हायस्कूलची विद्यार्थिनी. बंदूक पहिल्यांदा हातात आली ती शाळेच्या एनसीसीत. त्याच शाळेतली मोठी मुलगी तेजस्विनी सावंत रायफलमध्ये नाव काढत होती (२०१० ला म्युनिकमध्ये ती जगज्जेती झाली, नेमबाजीत जगज्जेती होणारी पहिली भारतीय महिला). राहीनं रायफल न धरता पिस्तूल धरलं. २००८ ला पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, तिच्यासाठी बालेवाडीला रेंज उभी राहिली, आणि त्या स्पर्धेत राहीनं सुवर्ण घेतलं. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये अनिसा सय्यद आणि राही ह्या दोन महाराष्ट्राच्या पोरींनी मिळून जोडीचं सुवर्ण घेतलं; वैयक्तिकमध्ये अनिसा पहिली, राही दुसरी. २०१३ ला कोरियात चांगवॉनला विश्वचषक स्पर्धेत राहीनं सुवर्ण जिंकलं. पिस्तुलात हे करणारी ती पहिली भारतीय महिला. २०१४ ला ग्लासगोला पुन्हा सुवर्ण, अनिसा दुसरी.

मग कोपर दुखावलं. पिस्तूल नेमबाजाचं कोपर म्हणजे गायकाचा गळा. सव्वा किलोच्या आसपास वजन एका हातानं लांब धरायचं, दिवसातून शेकडो वेळा वर-खाली करायचं. दोनेक वर्षं वाया गेली. लोक विसरले. २०१७ मध्ये तिनं मुंखबायार दोर्जसुरेन ह्या मंगोलियात जन्मलेल्या जर्मन प्रशिक्षक बाईंना गाठलं. ह्या बाई स्वतः पिस्तुलात जगज्जेत्या, ऑलिंपिकची दोन ब्राँझ त्यांच्या नावावर. त्यांच्यासोबत सगळं पुन्हा पहिल्यापासून.

२२ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियात पालेमबांग. आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण ह्यात तो मोबाईलवरचा पळापळीचा खेळ आणि आपला उभ्याचा खेळ एकमेकांच्या फार जवळ येतात.

२५ मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी अशी असते. पिस्तूल हातात, पण हात खाली झुकलेला, ४५ अंशांत. समोर हिरवा दिवा लागतो. तीन सेकंद. तेवढ्यात हात वर, नेम, चाप. दिवा बंद. सात सेकंद हात पुन्हा खाली. पुन्हा हिरवा, तीन सेकंद. पाच गोळ्यांची एक मालिका, अशा दहा मालिका, म्हणजे ५० गोळ्या. गोळी १०.२ किंवा त्याच्या आत बसली तर एक गुण. १०.१ ला बसली तर भोपळा. लक्ष्याचं दहाचं वर्तुळ १०० मिलीमीटर व्यासाचं, साधारण जेवणातल्या वाटीएवढं, २५ मीटरवर. कुणी मधे आलं, कुणी ओरडलं, डोळ्यात घाम गेला, काही चालत नाही. तीन सेकंद.

दहा मालिका झाल्या. राही ३४, थायलंडची नाफास्वान यांगपाइबून ३४. बरोबरी. पाच गोळ्यांचा शूटऑफ. चार-चार. पुन्हा बरोबरी. आणखी पाच गोळ्या. राहीच्या तीन बसल्या, तिच्या दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण घेणारी पहिली भारतीय महिला कोल्हापूरची झाली. ५० अधिक १० अशा ६० गोळ्यांनंतर फरक एका गोळीचा.

पुढच्या वर्षी म्युनिकच्या विश्वचषकात सुवर्ण घेऊन तिनं टोकियो ऑलिंपिकची जागा मिळवली. टोकियोत मात्र काहीच जमलं नाही, ती बत्तिसावी आली. हेही सांगायला पाहिजे. ह्या खेळात तीन सेकंद कुणाची ओळख ठेवत नाहीत.

आणि एक गंमत बघा. राज्य सरकारनं राहीला नोकरी दिली ती महसूल खात्यात, उपजिल्हाधिकारी म्हणून. शस्त्र परवान्याच्या फायली ज्या कचेरीत फिरतात, त्याच कचेरीतलं पद. मला वाटतं, परवाना मागायला येणाऱ्या प्रत्येक रुबाबदार माणसाला आधी विचारावं, 'तीन सेकंदांत वाटीएवढं लक्ष्य लागतं का हो तुम्हाला?'

आता आपल्या पोरांचं काय, ह्यावर येतो. खेळ आपल्याला परका नाही. धाराशिव जिल्हा खो-खोचा. सारिका काळे आपल्याच जिल्ह्याची, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला मैदान आणि दोन खांब पुरतात, म्हणून खो-खो इथं रुजला. नेमबाजीला रेंज लागते, म्हणून ती रुजली नाही, असं उत्तर मिळतं. हे उत्तर अर्धंच खरं आहे.

२५ मीटरचं पिस्तूल म्हणजे पॉइंट टू-टूचं अग्निशस्त्र. त्याला परवाना, काडतुसांचा कोटा, भक्कम भिंतींची रेंज, सगळं लागतं. ते तालुक्याला झेपणारं नाही, मान्य. पण राहीच काय, बहुतेक पिस्तूल नेमबाज सुरू करतात ते १० मीटर एअर पिस्तुलापासून. त्यात दारू नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेवर शिशाचा चार-साडेचार मिलीमीटरचा छर्रा उडतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ठरावीक ताकदीच्या आतल्या अशा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखपत्राची नोंद होते. जागा लागते ती दहा मीटर अंतर आणि मागं-पुढं थोडी मोकळीक असलेल्या बंद खोलीची. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटीमीटर उंच. लक्ष्यातला दहाचा ठिपका ११.५ मिलीमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. ६० छर्रे, सव्वा तास. तेवढा वेळ एका जागी, एक हात खिशात, तोंडातून शब्द नाही. आपल्यातल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांना दहा मिनिटं जमणार नाही.

तालुका तिथं क्रीडा संकुल हे शासनाचं धोरण आहेच. बॅडमिंटनच्या हॉलच्या एका कडेला पाच लेन सहज बसतात. लोखंडी पत्र्याची छर्रे झेलणारी पेटी, कागदी लक्ष्यं, डोळ्यांना चष्मा, दाराला कडी आणि आत एक जबाबदार माणूस. खर्च खरा आहे, नाकारत नाही. चांगलं एअर पिस्तूल इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडहून येतं आणि ते एकट्या शेतकरी बापाला परवडणारं नाही. म्हणूनच ते संकुलाच्या मालकीचं पाहिजे, चार पोरांत एक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे घरच्या पैशावर उभा राहिलेला नाही. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनं उचलला, तिथं त्यानं नेमबाजी निवडली, पुढं रेल्वेनं नोकरी दिली, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली, आणि आणलं कुणी, तर शिक्षकाच्या पोरानं, डोंगराकडच्या वाडीतून.

मी हा विषय एकदोन ठिकाणी बोलून बघितला. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: 'आधीच पोरं बिघडलीत, त्यात तुम्ही पिस्तूल शिकवा!' ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. मस्साजोगनंतर तर नाहीच. पण आपल्याच तालुक्यातलं तेरखेडा बघा. तिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या शोभेच्या दारूचं काम करतात. दारूशी रोज हात लावणारा कामगार कारखान्यात काडी ओढत नाही, खिशात लायटर ठेवत नाही, कारण एका ठिणगीनं काय होतं ते त्यानं शेजारच्या शेडमध्ये पाहिलेलं असतं. तिथं अपघात झाले ते नियम मोडले म्हणून, कामाची ओळख होती म्हणून नाही. ज्याला हत्यार कधी शिस्तीत हाताळायलाच मिळालं नाही, तोच ते वरातीत हवेत उडवतो. २०१९ च्या दुरुस्तीनं असा आनंदाचा गोळीबार गुन्हा ठरवला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. किती जणांना माहीत आहे?

रेंजवर गेल्यानं प्रत्येक पोरगं साधू होईल असा माझा दावा नाही. नेमबाजही गुन्हे करू शकतो. पण रीलमधलं पिस्तूल बघून वाढलेल्या पोराला, राष्ट्रीय स्पर्धेतलं पिस्तूल कसं असतं हे निदान एकदा डोळ्यांनी बघू द्या. तिथं रिकामं पिस्तूलसुद्धा कुणाकडं रोखलं तर हाकलून देतात, हे त्याला कळू द्या. तिथं कोल्हापूरची, पुण्याची बारीक चणीची पोरगी सगळ्या दांडगटांना मागं टाकते, हेही कळू द्या.

तालुका क्रीडा अधिकाऱ्यांच्या नावे एक साधा अर्ज लिहून ठेवलाय: संकुलात १० मीटर एअर पिस्तूल आणि एअर रायफलच्या पाच लेन, एक प्रशिक्षक आठवड्यातून दोन दिवस, आणि शाळांच्या एनसीसी तुकड्यांना आधी संधी. सह्या पाहिजेत. पालकांच्या जास्त, पुढाऱ्यांच्या कमी. शनिवारी बाजारात भेटणार असाल तर कागद माझ्याकडं असेल. वाशीबाहेर असाल आणि पोरगं इथं शिकत असेल, तर नाव आणि शाळा मेसेज करा, तेवढी यादी सोबत जोडतो.